बोथट पावशीचा संसार

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गल्लीतून चालत गेलात तर घराघरांतून दोन आवाज ऐकू येतील. एक कढईतल्या तळणीचा. दुसरा, बोथट सुरी सुक्या खोबऱ्यावर रेटल्याचा. पहिल्या आवाजावर आजवर दिवाळी अंकांतून पानेच्या पाने लिहून झाली आहेत. त्यांत माझीही दोन-चार आहेत. दुसऱ्यावर कोणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा वाचकहो, चकली हातात घेऊनच हा लेख वाचा. फक्त ती चकली ज्या हातांनी केली त्या हातांकडे मधूनमधून एक नजर टाका.

चिवड्यासाठी खोबऱ्याचे पातळ काप लागतात. घरातली बाई खोबऱ्याची वाटी डाव्या हातात घट्ट धरते, उजव्या हाताने सुरी लावते. सुरी घसरते. पुन्हा लावते. मग खांद्यापासून जोर देते, आणि काप निघतो तो एका टोकाला कागदासारखा व दुसऱ्या टोकाला जोड्याच्या टाचेसारखा. अशा दोनतीन वाट्या संपेपर्यंत तिच्या तर्जनीवर सुरीच्या पाठीचा लालभडक वळ उठलेला असतो. आणि भाऊबीजेला पाटावर बसलेले आम्ही पुरुष म्हणतो, "यंदा चिवड्यातलं खोबरं जरा जाडच झालं, नाही?"

मला भांडायचे आहे ते या सुरीवरून. माझा आरोप असा आहे की आपल्या घरांत सर्वांत जास्त चालणारे हत्यार सर्वांत बोथट असते, आणि ते तसे राहते याचे कारण गरिबी नाही, वेळेचा अभाव नाही, दगडाची टंचाई तर नाहीच. ते बाईच्या हातातले हत्यार आहे, एवढेच त्याचे कारण आहे. आरोप कडक आहे हे मला कळते. म्हणून पहिला आरोपी मीच उभा राहतो.

माझे आजोबा शेवटपर्यंत वस्तऱ्याने दाढी करीत. त्यांच्याजवळ गुळगुळीत काळसर दगडाची एक सिल्ली होती, आणि खिडकीच्या गजाला टांगलेली चामड्याची चमोटी. रोज सकाळी चमोटीचे खालचे टोक ताणून धरण्याचा मान माझा असे. वस्तरा वर जाई, उलटा होई, खाली येई. सप्-सप् असा आवाज होई. पंधरा दिवसांनी सिल्लीवर दोन थेंब पाणी टाकून ते वस्तरा फिरवीत, आणि त्या वेळी घरात कोणी मोठ्याने बोलायचे नाही अशी शिस्त होती. त्याच घरात, त्याच भिंतीच्या पलीकडे, माझी आई पावशीवर बसलेली असे. पुण्यामुंबईकडे जिला विळी म्हणतात ती आमच्या नागपूर-वऱ्हाडाकडे पावशी. आजोबांची दाढी पाच मिनिटांची. आईची पावशी सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत. त्या पावशीसाठी दगड नव्हता. चमोटी नव्हती. मोठ्याने न बोलण्याची शिस्त तर स्वप्नातही नव्हती. आईच फार झाले तर अंगणातल्या पायरीच्या कडेवर पाते घासून घेई, आणि पायरी खराब होते म्हणून आजोबांची बोलणी खाई.

पुढे मी मास्तर झालो, घर बदलले, ओटा आला, पावशीच्या जोडीला स्टीलच्या सुऱ्या आल्या. बोथटपणा मात्र जुन्या घरातून सामानाबरोबर आला. काही वर्षांमागे, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, आईने बोंडे करायला कोहळे घेतले. आम्ही इकडे लाल भोपळ्यालाच कोहळे म्हणतो. मराठीत विळ्याभोपळ्याचे सख्य प्रसिद्ध आहे. त्या दिवशी त्या सख्याची किंमत आमच्या घराने मोजली. पाठ निबर होती, सुरी आत शिरेना. आईने सुरीवर अंगाचे सगळे वजन टाकले. सुरी आत जाण्याऐवजी बाजूला निसटली आणि कोहळे धरलेल्या हाताच्या तर्जनीत रुतली. टाके पडले. आतली शीर, जिच्यामुळे बोट मिटते ती, तुटली होती. ती जोडली तरी आजही ते बोट पुरते मिटत नाही. त्या हाताने तिला भाकरी थापता येते, पण सुईत दोरा ओवता येत नाही.

आणि आम्ही काय केले? घरातल्या सगळ्या सुऱ्या उचलून वरच्या फळीवर ठेवल्या. शेजारपाजारचे येऊन म्हणाले, "फारच धार असेल हो सुरीला." मीही मान डोलावली. आई कोपऱ्यातून म्हणाली, "धार असती तं कोहळं कापलं असतं, बोट नाई." मग थोडे थांबून, "आजोबाच्या वस्तऱ्याले तू चमोटी धरत होता नं रे? माह्या पावशीले कोनं धार लावली व्हती कधी?"

मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या दोन कादंबऱ्यांत नायिका पावशीवर बसून आसवे गाळते आणि वाचक तिच्या दुःखाने विरघळतात, अशी पत्रे मला आली आहेत. ती कांदा चिरते आहे आणि पावशीला धार नाही, हे मला लिहिताना एकदाही सुचले नव्हते. बोथट पाते कांदा चिरत नाही, चेंगरते. चेंगरला म्हणजे त्याचा रस जास्त उडतो आणि डोळे जास्त झोंबतात. नायिकेच्या निम्म्या आसवांचा धनी तिचा नवरा होता हे खरेच, पण मी समजत होतो त्या अर्थाने नव्हे!

आता विरुद्ध पक्षाचे ऐकू. पहिला युक्तिवाद हाच की धारदार वस्तू घरात धोक्याची. याहून जास्त बोटे कापणारा समज मला ठाऊक नाही. पाते कापते ते काठाच्या बारीकपणाने. तो बारीकपणा गेला की त्याची भरपाई हाताच्या जोराने करावी लागते, आणि जोराने चालणारी वस्तू घसरली तर त्याच जोराने कुठेतरी जाऊन थांबते. पिकल्या टोमॅटोवर सुरी नुसती टेकवून ओढली आणि साल उघडली, तर ती सुरी तुमच्या ताब्यात आहे. साल आत दबून टोमॅटोचा रस ओट्यावर उडाला, तर तुम्ही तिच्या ताब्यात आहात. धारेनेही बोट कापते, नाही म्हणत नाही. पण हलक्या हाताने कापलेले बोट आणि अंगाचे वजन टाकून कापलेले बोट यांतला फरक माझ्या आईला विचारा.

दुसरा युक्तिवाद भक्तीचा. आम्ही पावशीला देवासारखी मानतो, असे सांगणारे लोक आहेत. खरे आहे. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रे मांडतात. शस्त्रे उरली नाहीत तेव्हा लेखण्या, पाने-पेचकस आणि हल्ली मोटारसायकली मांडतात. त्यांच्या रांगेत पावशीही असते. बाळाच्या पाचवीला पाट्यापाशी विळा-कोयता मांडतात. ग्रहणात गर्भार बाईला पावशीजवळ जाऊ देत नाहीत. एवढा या पात्याचा दरारा! पण खंडेनवमीला मोटारसायकल आधी धुऊन, तेलपाणी करून, मग तिला हार घालतात. पावशीला नुसते कुंकू लावतात. कुंकवाने धार येत असती तर विदर्भात एकही सुरी बोथट राहिली नसती.

तिसरा युक्तिवाद म्हणजे, "धारवाला येतो की." इथे मला जरा जपून बोलले पाहिजे, कारण या माणसाबद्दल मला आदर आहे. उन्हाच्या वेळी, गल्ली झोपलेली असताना, "चाकू-कैची को धाऽऽर" अशी हाक देत तो येतो. सायकल स्टँडवर चढवतो, पायडल मारतो, पुढे बसवलेले दगडी चाक गरगरते आणि ठिणग्या उडतात. आमच्या शाळेची पोरे डबा टाकून ते पाहायला धावतात. ही कला लहानसहान नाही. शिकलगार हा शब्दच मुळी चकाकी देणे या अर्थाच्या 'सैकल' या अरबी शब्दापासून आला. तलवारी, खंजीर, भाल्यांची पाती घासून-उजळून देणारे ते हे लोक. पुढे १८७८ चा हत्यारांचा कायदा आला, दरबारांची फौज गेली, तलवारी खुंटीवर चढल्या, आणि हातातले हुन्नर घेऊन शिकलगार दारोदार सुऱ्या-कात्र्यांकडे वळला. जे कौशल्य एके काळी सरदाराच्या म्यानासाठी होते ते तुमच्या-आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. आणि आपण त्याला दाराशीच घासाघीस करून परत पाठवले.

तरीही धारवाल्यावर विसंबू नका असे मी सांगतो ते दोन कारणांनी. एक म्हणजे तो वर्षातून दोन-तीनदा येतो आणि धार आठ-पंधरा दिवसांत उतरते. वर्षातून तीन वेळा आंघोळ करणाऱ्याला आपण स्वच्छ म्हणत नाही. दुसरे कारण ठिणग्यांचे. पोरांना आवडणाऱ्या त्या ठिणग्या म्हणजे तुमच्या पात्याचे जळणारे पोलाद. कोरडे चाक वेगाने फिरते, पातळ काठ क्षणात तापतो. तीनशे अंशांच्या सुमाराला पोलाद निळे पडते, आणि निळे पडले की लोहाराने त्याला दिलेले पाणी उतरले असे समजावे. मग ती धार दिसायला लखलखीत, पण चार दिवसांत कोलमडते. आपण म्हणतो, धारवाल्याने फसवले. त्याने फसवले नाही; पाच मिनिटांत सात सुऱ्या, त्याही ठरवलेल्या पैशांतून कापून, हे आपणच मागितले. ज्याला चांगला धारवाला भेटेल त्याने त्याला बसायला सतरंजी द्यावी, पाते मधूनमधून पाण्यात बुडवायला बादली द्यावी, आणि मोडलेले टोक, खांडे पडलेली धार, कात्री अशी अवघड कामे त्याच्याकडून करून घेऊन पुरते पैसे द्यावेत. रोजची धार ही घरानेच राखायची गोष्ट आहे.

आता बाजार. बाजार या बाबतीत आपल्या आळसाचा चांगला अभ्यासक आहे. त्याने पहिल्याने दातेरी सुरी आणली, रंगीत प्लॅस्टिकच्या मुठीची. चार महिने ती करवतीसारखी चालते, मग दात बोथटतात, दगडावर धरता येत नाही, आणि ती कचऱ्यात जाते. नंतर त्याने एक डबी आणली. प्रदर्शनात माइक लावलेला एक इसम ती डबी टेबलावर ठेवतो, तिच्या खाचेतून सुरी चार वेळा ओढतो आणि कागद कापून दाखवतो. टाळ्या! मीही घेतली होती. त्या खाचेत दोन टणक पट्ट्या एकमेकींवर तिरप्या बसवलेल्या असतात. त्या काठ घासत नाहीत, खरवडतात. पहिल्या दिवशी काठ खरखरीत होतो म्हणून कागद कापतो. सहा महिन्यांनी पाते मध्येच खोलगट झालेले दिसते, आणि पाटीवर ठेवले तर मधून उजेड येतो. मग पालेभाजीच्या देठांचा निम्मा भाग कापलाच जात नाही, माळेसारखा लोंबतो. आमच्याकडची सांबाराची जुडी, म्हणजे तुमची कोथिंबीर, अशा माळांनी मी आठवडाभर खाल्ली आहे.

लोखंडी दांडीचेही असेच. परदेशी खाटकाच्या चित्रात तो दांडीवर सुरी खटाखट फिरवताना दिसतो, म्हणून आपणही ती आणतो. गुळगुळीत दांडी धार लावीत नाही. वाकलेला काठ फक्त सरळ करते. ज्याला धार आहे त्याला ती उपयोगी. बोथट सुरीला दांडी म्हणजे टक्कल पडलेल्याला फणी.

या सगळ्यांहून मला ज्यांचा राग येतो ते गृहस्थ आमच्या शेजारी राहतात. निवृत्त इंजिनिअर आहेत, सज्जन आहेत, आणि माझे सगळे लिखाण वाचतात, त्यामुळे हेही वाचतील. त्यांनी जपानी दगडांचा संच मागवला आहे. चार दगड, चार प्रकारचे कण, त्यांना सपाट राखायला पाचवा दगड, काठ पाहायला भिंग. रविवारी सकाळी ते त्यांच्या खास सुरीला धार लावतात आणि तिने मनगटावरचे केस उतरवून दाखवतात. कोन, कण, पोलादातल्या कार्बनचे प्रमाण यांवर ते तासभर बोलू शकतात, आणि बोलतातच. मी एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. वहिनी गवार निवडून चिरीत होत्या. सुरी अशी होती की तिच्यावर बसून लहान मूल घसरगुंडी खेळले असते. बाहेर येऊन मी विचारले. ते म्हणाले, "अहो, ते साधं पोलाद आहे. त्यात काय मजा?" मजा! आजोबांची चमोटी आणि शेजाऱ्यांचे भिंग यांत शंभर वर्षांचे अंतर असेल, पण भिंत तीच आहे आणि तिच्या पलीकडे बसलेली बाई तीच आहे.

मग घ्यावे काय? एक दगड. जुन्या मराठीत त्याला निसणा म्हणतात, दुकानात कार्बोरंडमचा दगड म्हणून मागा. आमच्या इतवारीच्या लोहा ओळीत हार्डवेअरच्या दुकानांतून तो मिळतो. दुसऱ्या गावी सुतारकामाची हत्यारे विकणाऱ्याकडे विचारा. वीतभर लांब, एक बाजू खरबरीत, दुसरी बारीक. एका घराला जन्मभर पुरतो आणि किंमत दिवाळीच्या एका फटाक्यांच्या पेटीपेक्षा जास्त नसते. या दगडाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८९१ साली अमेरिकेत अ‍ॅचिसन नावाचा माणूस विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरे करायला निघाला. हिरे झाले नाहीत. चकचकीत, हिऱ्याहून थोडेसेच कमी कठीण असे दाणे मिळाले. त्यांत कार्बन आणि कोरंडम आहे अशा समजुतीने त्याने त्यांचे कार्बोरंडम असे नाव ठेवले. समजूत चुकीची होती, नाव राहिले. आणि कोरंडम हा शब्द तरी कुठला? आपला कुरुंद. शिकलगार शतकानुशतके जो कुरुंदाचा दगड वापरीत आले, त्याचेच नाव दक्षिणेतल्या भाषांतून इंग्रजीत गेले आणि दुकानाच्या पाटीवर साहेबी होऊन परत आले. पुढे असे घासण्याचे दगड आणि चाके मद्रासेस कारखान्यात तयार होऊ लागली. तेव्हा 'इम्पोर्टेड'चा हट्ट धरू नका.

कृती सांगतो. पाककृती देतो तशीच. कारण दिवाळी अंकात अनारशांची कृती छापण्यास कोणाची हरकत नसते.

दगड दहा मिनिटे पाण्यात ठेवा. तेल लावू नका. स्वयंपाकघराच्या दगडाला पाणीच बरे, आणि एकदा तेल प्यायलेला दगड पुन्हा पाणी पीत नाही. ओल्या फडक्यावर दगड मांडा म्हणजे हलणार नाही. खरबरीत बाजू वर. सुरी दगडावर आडवी ठेवा आणि तिची पाठ उचला. किती उचलायची, इथे सगळे घाबरतात. पात्याच्या रुंदीच्या एकतृतीयांश. पाते तीन सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ एक सेंटिमीटर वर. एवढ्याने साधारण वीस अंशांचा कोन होतो आणि घरकामाला तो ठीक आहे. पातळ, चांगल्या पोलादाची सुरी असेल तर चौथा हिस्सा पुरे. एक-दोन अंश इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. मध्येच कोन बदलत गेला तर बिघडते. म्हणून पहिले काही दिवस घाई करू नका, मनगट गोठवून खांद्यातून हात चालवा.

आता मुठीपासून टोकापर्यंत सगळा काठ दगडावरून जाईल असे मागे-पुढे घासा. जोर बेताचा, पुरी लाटताना असतो तेवढा. पाणी सुकले की शिंपडा. दगडावर जमणारा काळा चिखल पुसून टाकू नका, काम तोच करतो. थोड्या वेळाने पाठीकडून काठाकडे अंगठा आडवा फिरवा, काठावरून लांबीच्या दिशेने कधीही नाही. वरच्या बाजूला, म्हणजे दगडाला न लागलेल्या बाजूला, बारीकशी खरखर जाणवेल. घासलेले पोलाद काठावरून पलीकडे वळले आहे. मी त्याला ओठ म्हणतो. हा ओठ सगळ्या लांबीभर आल्याशिवाय बाजू बदलायची नाही. साऱ्या विद्येतली अवघड गोष्ट एवढीच. माणसे दहा वेळा इकडे, दहा वेळा तिकडे मोजत बसतात, ओठ येण्याआधीच थांबतात, आणि मग म्हणतात की आमच्या हाताला गुण नाही. मोजू नका. बोटाला विचारा.

ओठ आला की सुरी उलटा आणि दुसरी बाजू तितकीच घासा. मग दगडाची बारीक बाजू वर घेऊन तेच, पण जोर कमी करीत करीत. शेवटी एकदा इकडे, एकदा तिकडे, नुसत्या सुरीच्या वजनाने. उरलेला ओठ जुन्या कातडी पट्ट्यावर, पाठ पुढे आणि काठ मागे धरून, पंधरा-वीस वेळा ओढला की झडतो. झाले. पहिल्या खेपेला अर्धा तास लागेल. पुढे दर पंधरवड्याला पाच मिनिटे.

पावशीची रीत उलटी, आणि ती कोणी सांगत नाही म्हणून विस्ताराने सांगतो. पावशीचे पाते फळीला जखडलेले आणि पोटाशी वाकलेले. ते दगडावर नेता येत नाही, म्हणून दगड पात्याकडे न्यायचा. शेतकरी बांधावर बसून विळा पाजवतो तो असाच. पावशी जमिनीवर उघडी मांडा, फळीवर पाय घट्ट ठेवा, आणि पात्याच्या समोर न बसता कडेला बसा. लहान, हातात मावणारा दगड घ्या; मोठा दगड पडून फुटला असेल तर त्याचा तुकडा यासाठी फार चांगला. बोटे दगडाच्या पाठीमागे, काठाबाहेर एकही येऊ द्यायचे नाही. जाड फडके गुंडाळलेत तर उत्तम. बुडापासून शेंड्याकडे लहान लहान घासांनी दगड चालवा, आधी एक बाजू, ओठ आला की दुसरी. पोटाचा बाक असतो तिथे सपाट दगड नीट टेकत नाही, म्हणून त्याची गोलसर कड वापरा. लोखंडी पावशी असेल तर शेवटी पुसून गोडेतेलाचे बोट फिरवा, नाहीतर सकाळी गंज. आणि काम संपले की पाते मिटून पावशी आडवी ठेवावी. पावशी उभी ठेवू नये हा आपल्या आज्यांचा नियम अपशकुनाच्या नावाखाली टिकला, पण त्यात रांगते मूल वाचवण्याचे शहाणपण आहे.

दगड आणायलाही ज्यांना सवड नाही त्यांनी लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीचा तळ पाहावा. तळाच्या कडेला झिलई नसते. ते खरबरीत वर्तुळ अडल्या वेळी बारीक दगडाचे काम करते. तेव्हा निमित्ते पुरे झाली.

आम्हा नागपूरकरांना तर निमित्त सांगायला तोंडच नाही. पेंच नदीकाठी नैकुंडला १९७८ ते १९८० या काळात उत्खनन झाले, तिथे लोखंड गाळायची भट्टी निघाली. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या आसपासची. शहराजवळच्या माहूरझरीला शिळावर्तुळांखाली लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर सापडले. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी या मातीत लोक लोखंड गाळून त्याची पाती करीत होते. त्यांच्या स्वयंपाकाच्या सुऱ्यांना कोण धार लावी ते दगडांवर लिहिलेले नाही.

राहता राहिली शाळा. १९३७ च्या ऑक्टोबरात, इथून दोन तासांच्या अंतरावर वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण हा विचार तिथे मांडला गेला. नई तालीम म्हणून तो देशभर गेला. मी मॅट्रिकपलीकडे न शिकलेला मास्तर. मला त्यातले तत्त्वज्ञान फारसे उमगत नाही. पण हाताने काम शिकवायचे तर हत्यार निगुतीने राखणे हा पहिला धडा असणार, एवढे कळते. म्हणून मी एकदा वर्गात दगड आणि दोन सुऱ्या नेल्या. मुलगे आणि मुली, दोघांना शिकवायचे ठरवले; मुलग्यांना जास्त, कारण त्यांची थकबाकी मोठी. दुसऱ्या दिवशी तीन पालक मुख्याध्यापकांकडे आले. "आमच्या पोरांच्या हाती चाकू देता?" त्यांची भीती मी उडवून लावणार नाही. या शहरात चाकू हा शब्द वर्तमानपत्रात कोणत्या पानावर येतो ते मलाही माहीत आहे. पण ज्याला भोसकायचे असते तो कोनाचा विचार करीत बसत नाही. उलट ज्या पोराने अर्धा तास ओणवे बसून आईच्या सुरीला धार लावली, त्याला ती वस्तू काय करू शकते ते नीट कळलेले असते. हे मी मुख्याध्यापकांना सांगितले. त्यांनी चहा दिला आणि दगड घरी न्यायला सांगितला.

दगड घरी आला, तो तेव्हापासून ओट्याखाली आहे. मारबतीच्या दिवशी नागपूर आपली सगळी पीडा पुतळ्यांबरोबर वेशीबाहेर नेऊन जाळते; त्या दिवशी मी प्रदर्शनातली ती डबीही घराबाहेर काढली. वरच्या फळीवरच्या सुऱ्या खाली आल्या. पहिले वर्षभर माझ्या हातून कोन चुकायचा, आई पाहायची आणि काही बोलायची नाही. चमोटी म्हणून आजोबांचीच चमोटी मिळाली, ट्रंकेच्या तळाशी, वाळून कडक झालेली; तेल पाजून मऊ केली.

परवा बाजारातून कोहळे आणले. आईने ते फिरवून पाहिले, नखाने पाठ टोचून पाहिली आणि बाजूला ठेवून दिले. मी सुरी पुढे केली. तिने न मिटणाऱ्या बोटाने काठ आडवा चाचपला.

"इथं शेंड्यापाशी राह्यली," ती म्हणाली. "दगड भिजू घाल पहिले. बोंडाले काही घाई नाई."